जुवेनालचे हात आणि काळी वाळू

८ जुलै, सोमवार

जासिराबाईंनी ही वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "रोज लिहायचं. वाळूत किती वेळ बसले, बोटं किती मिटली, कुठं ठणकलं. लिहिल्याशिवाय वाळूचा गुण कळत नाही." मी म्हटलं, "अहो, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, जन्मभर चीज केलं." त्या म्हणाल्या, "मग चौथीपर्यंतचं लिहा, परीक्षा थोडीच आहे." या आमच्या लॉजच्या मालकीण. तोंडानं फटकळ, पण मनानं बऱ्या वाटतात. कॉफी मात्र पाणचट करतात.

तर लिहिते. मी दोर्वालिना, वय एकसष्ट. नवरा जुवेनाल, सहासष्ट. आम्ही मिनासच्या डोंगरातली माणसं. अकरा गाई आहेत, त्यांच्या दुधाचं रोज चीज होतं. चाळीस वर्षांत आम्ही दोघं मिळून गावाबाहेर एक रात्र राहिलो नाही. गाईला रविवार कळत नाही आणि नाताळही कळत नाही. लग्नानंतर समुद्र दाखवीन असं जुवेनालनं कबूल केलं होतं. मग पहिली गाय आली, मग दुसरी, मग आमची इव्होने झाली, ती मोठी होऊन बेलो होरिझोंते शहरात नर्स झाली, आणि समुद्र तिथंच राहिला.

आता आलो ते समुद्रासाठी नाही, वाळूसाठी. मार्चपासून जुवेनालची बोटं सुजली आहेत. सड धरता येत नाही, सदऱ्याचं बटण लावता येत नाही. तेव्हापासून धार मीच काढते आणि चीजही मीच दाबते. आमच्याकडे सगळे सांगतात, इथल्या ग्वारापारीच्या काळ्या वाळूत हात पुरले की ती संधिवात ओढून घेते. शेजारच्या ओलावोनं गाई सांभाळायला घेतल्या आहेत आणि आम्ही निघताना तो स्पष्ट बोलला, "दोर्वा, हात सुधारले तर तुमच्या गाई तुम्हाला लखलाभ. नाही सुधारले तर मी घेतो अकराच्या अकरा. पण एकोणीस तारखेच्या शुक्रवारी मला नक्की सांगायचं."

एवढंच आहे. अकरा दिवस वाळू. हात सुधारले तर गाई राहतील, नाही तर जातील. आणि गाई गेल्या तर जुवेनाल झुरून मरेल, हे मला स्वच्छ दिसतंय. म्हणून मी त्याला इथं ओढून आणलं.

समुद्र पाहिला. मोठा आहे. आवाज फार करतो. जुवेनालनं डोक्यावरची टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "चल, बॅगा आत ठेव." तर म्हणतो, "थांब जरा." बॅगा मीच ठेवल्या.

९ जुलै, मंगळवार

सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसांची रांग लागलेली असते, कुणी गुडघे पुरलेत, कुणी गळ्यापर्यंत. एक बाई तर नुसतं डोकं वर ठेवून शेजारणीशी सुनेबद्दल बोलत होती. जुवेनाल लाजत होता. मी कोपरापर्यंत त्याचे हात पुरले आणि वर थापटलं, चीज साच्यात थापटतात तसं. म्हणाला, "वरून मीठ टाक आता." विनोद सुचतोय म्हणजे बरं आहे.

नियम असा की वाळूतून काढल्यावर तासभर पाणी लावायचं नाही. त्यामुळे त्याला समुद्रात जाता येत नाही. मी घोट्यापर्यंत गेले, पायाची वाळू धुवायला.

हात: कप धरता येत नाही. बोटं मिटत नाहीत. काही फरक नाही.

१० जुलै, बुधवार

फरक नाही. मी पिंढऱ्यांपर्यंत गेले, वाळू फार चिकटते.

११ जुलै, गुरुवार

आज कोंबडी भाजून, कसाव्याच्या पिठाची फरोफा डब्यात भरून किनाऱ्यावर नेली. जासिराबाई दारात उभ्या राहून म्हणतात, "मिनासवाले आले की अख्खं स्वयंपाकघर वाळूवर येतं. चूल राहिली का घरी?" मी म्हटलं, "तुमच्या मातीच्या भांड्यातलं माशाचं कालवण चांगलं असतं हो, पण दुपारपर्यंत थांबतं कोण?" त्यांनी हसून डब्यातली कोंबडीची एक मांडी उचलली आणि तिथंच खाल्ली.

जुवेनालला मीच घास भरवले. समोरची दोन पोरं बघून हसत होती. मी म्हटलं, "हसा, चाळीस वर्षांनी तुम्हाला कुणी भरवलं तर नशीब समजा."

तो मला म्हणाला, "तुझी कंबर कशी आहे?" मी म्हटलं, माझ्या कंबरेचं काय, बाईमाणसाची कंबर दुखणारच. चार महिने अकरा गाईंखाली बसले तर काय ती नाचेल? हात बघ तुझे. तो समुद्राकडे बघायला लागला. हल्ली तो असं मध्येच बोलणं तोडतो.

१२ जुलै, शुक्रवार

आज जुवेनालनं जे केलं ते गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आम्ही दोन चीज घेऊन आलो होतो. एक जासिराबाईंना दिलं, एक आपल्याला. घरी उन्हाळ्यात आम्ही चीज डब्यात घालून ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत पुरतो, गारव्याला छान राहतं. माझी आईही तसंच करायची. तर हा शहाणा माणूस सकाळी मला न सांगता डबा घेऊन गेला, पाण्याच्या कडेला ओली थंडगार वाळू बघितली, डबा पुरला, खुणेला काठी रोवली आणि झाडाखाली येऊन झोपला. ओढा कुठं जागा बदलतो?

दुपारी गेलो तर काठी नाही आणि किनाराही नाही. पाणी वीस पावलं वर आलेलं. जुवेनाल म्हणतो, "दोर्वा, इथं जमीन होती." मी म्हटलं, "होती खरी. आता समुद्र आहे. तुझ्या ओढ्याला भरती येते वाटतं." मग त्यानं काय करावं? विजारीसकट गुडघाभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागला. घूस बीळ उकरते तसा उकरत होता. लाट आली की खड्डा बुजायचा, हा पुन्हा उकरायचा. चांगला अर्धा तास. मी काठावर बसून पोट धरून हसले. लोक जमले. शेवटी एक म्हातारा कोळी होडीतून आमचाच डबा वर धरून आला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं जाळं टाकतोय, चीज पहिल्यांदाच लागलं."

त्याचं नाव अदाउतो. डबा घट्ट होता, आत थेंबभर पाणी गेलं नव्हतं. तिघांनी मिळून तिथंच कापलं. अदाउतो म्हणाला, असलं चीज त्यानं जन्मात खाल्लं नाही. मी सांगितलं, आईच्या आईचं विरजण आहे, सत्तर वर्षांत एक दिवस मोडलेलं नाही. आत्तासुद्धा ओलावोच्या बायकोकडे, झिल्दाकडे, देऊन आले आहे.

वाळू उपसल्यामुळे संध्याकाळी जुवेनालला चमचासुद्धा धरवेना. माझंच चुकलं, मी हसत बसले, त्याला थांबवायला हवं होतं. बिचारा.

१३ जुलै, शनिवार

मी सात वाजता उठले. लिहायलाही लाज वाटते. जुवेनाल पहाटेच उठून बसला होता, पण त्यानं मला उठवलं नाही. वर कॉफी घेऊन आला, एका हातात दोन्ही कप आणि दुसऱ्या हातात चीजचे पाव. मी ओरडले, "सांडलं असतं म्हणजे? भाजला असतास." तो खजील झाला आणि कप पटकन खाली ठेवले. दुपारी जेवताना काटा धरायला गेला तर हातातून दोनदा पडला. सकाळचे हात वेगळे, दुपारचे वेगळे. संधिवात असाच लहरी असतो म्हणतात.

हात: सांगता येत नाही.

१५ जुलै, सोमवार

जासिराबाईंनी मला त्यांचा पोहायचा जुना पोशाख दिला. निळा, फुलांचा. मी म्हटलं, हे घालून बाहेर पडले तर गावात पाद्री मला चर्चमध्ये घेणार नाहीत. त्या म्हणाल्या, "पाद्री इथं आहेत का? आणि तुमच्याकडे बघायला इथं कुणाला वेळ आहे?" हेही खरंच. कंबरेपर्यंत गेले. वाळू धुवायला एवढं आत जावं लागत नाही, पण त्यांनी हात धरून ओढलं. लाट येते तेव्हा आपण उचलले जातो. अंगात वजनच राहत नाही. कंबर दुखायची थांबली, पाण्यात असेपर्यंत.

वर आले तर जुवेनाल म्हणतो, "दोर्वा, मला वाटलं तुला दाढा नाहीत. हसलीस तेव्हा सगळ्या दिसल्या." मी ओला टॉवेल फेकून मारला.

तो आता दिवसभर अदाउतोच्या होडीपाशी असतो. वाळूची वेळ झाली की येतो, हात पुरतो, अर्ध्या तासानं पुन्हा तिकडे. मी विचारलं, तिथं करतोस काय? म्हणाला, "गप्पा." चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकूण जेवढं बोलला नसेल तेवढं त्या कोळ्याशी बोलतोय.

ओलावोचा फोन आला. मिमोझानं त्याला लाथ मारली. मारणारच. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण त्या मालकाला, शेजाऱ्याला नाही. त्यानं विचारलं, हात कसे? मी म्हटलं, सुधारतायत. खोटं नव्हे, आशेवर बोलले. फोन ठेवल्यावर जुवेनालनं विचारलं, "सुधारतायत असं का सांगितलंस?" मी म्हटलं, मग काय सांगू, वाकडं तोंड करून रडू? त्याचा चेहरा पडला. हात बरे होत नाहीत म्हणून त्याला माझ्यासमोर लाज वाटत असणार. पुरुषमाणसाचा अभिमान असतो.

आता एक खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचणार नाही. सकाळी सात वाजता जाग येते तेव्हा पहिल्यांदा गाई आठवत नाहीत. समुद्र आठवतो. मग गाई आठवतात आणि मी स्वतःला शिव्या देते.

१७ जुलै, बुधवार

जुवेनालनं संत्रं आणून दिलं, सोललेलं. साल एकसंध, लांबच्या लांब, लग्नाआधी तो मला सोलून द्यायचा तशी. अदाउतोनं सोललं असेल. कोळ्यांची बोटं भारी चपळ.

संत्रं खाता खाता मी म्हटलं, "दोनच दिवस राहिले. टेकडीवरच्या चर्चमधल्या माउलीनं आता मनावर घ्यायला हवं."

तो म्हणाला, "आणि नाही घेतलं तर?"

"म्हणजे?"

"हात नाहीच सुधारले तर काय करायचं आपण?"

"तूच सांग. काय करायचं?"

"बसू," तो म्हणाला.

"बसू? कुठं?"

"कुठंही. दारात. इव्होनेकडे जाऊ. पुढच्या वर्षी परत इथं येऊ. असंच बसू."

मला इतका राग आला. मी म्हटलं, "बसायला आपण काय खुडूक कोंबड्या आहोत? गोठ्याशिवाय तू आठवडाभर जगायचा नाहीस." तो म्हणाला, "मी इथं दहा दिवस जगलोय." मी म्हटलं, "ते वाळूच्या आशेवर." मग तो उठून गेला.

धीर सोडला की माणूस असं बोलतो. माझे वडीलही शेवटी शेवटी असंच म्हणायचे, बसू आता. मला भीती वाटते. देवा, हात नको देऊस, पण याचं मन तरी मोडू नकोस. नाही, हातही दे.

१८ जुलै, गुरुवार

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगणार?

दुपारी ऊन कडक होतं आणि जुवेनाल टोपी विसरून गेला होता. ती द्यायला निघाले. अदाउतोच्या दोन होड्या वाळूवर पालथ्या टाकलेल्या असतात. पहिलीपाशी पोचले तर पलीकडून जुवेनालचं हसू ऐकू आलं. हसतोय म्हणून मी थांबले, मध्ये गेले की गप्प होईल म्हणून. होडीच्या आडून पाहिलं.

मांडीवर जाळं. हातात लाकडी सुई. जुवेनाल जाळं विणत होता. दोरा बोटाला गुंडाळायचा, सुई खालून घालायची, ओढायची, गाठ. दोरा, सुई, गाठ. बोटं पाखरासारखी चालली होती. सूज नावाला नव्हती. फाटलेला भाग हातभर विणून झाला होता, म्हणजे आजचंच काम नव्हे ते.

अदाउतो म्हणाला, "बायकोला कधी सांगणार?"

"नाही सांगणार."

"बाई रोज तुझे हात पुरते, घास भरवते. आणि तू इथं माझी जाळी विणून देतोस. पाप लागेल बाबा."

"लागू दे," जुवेनाल म्हणाला. "सांगितलं तर सोमवारी पहाटे चारला ती गोठ्यात असेल. हात माझे बरे झालेत, तिची कंबर नाही. मार्चपासून बघतोय, गाईखालून उठताना भिंतीला धरून उठते आणि मला दिसू नये म्हणून तोंड फिरवते. मी बास म्हटलं तर ती ऐकायची नाही. माझे हात बास म्हणाले तर ऐकेल."

"आणि तुझ्या गाई?"

"गाई गेल्या की रडेन दोन दिवस. ती गेली तर काय करू?"

मी टोपी घेऊन तशीच परत आले.

आधी राग आला. खरं लिहायचं तर इतका आला की वाटलं ते जाळं त्याच्याच डोक्यावर टाकावं. म्हणजे शनिवारी दोन कप एका हातात, ते खरं होतं. संत्रं खरं होतं. डबा उकरताना घूस झाला होता तेही खरं होतं. मी डोळ्यांनी बघत होते, वहीत लिहीत होते आणि मला दिसत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो माझ्यासमोर मुद्दाम काटा पाडत होता, सहासष्टाव्या वर्षी नाटक करत होता, आणि नाटक तरी कसलं, मला जगवायचं.

मग राग गेला आणि दुसराच प्रश्न आला. मी म्हणते गाई जुवेनालसाठी राहायला हव्यात. तो म्हणतो दोर्वासाठी जायला हव्यात. मग चाळीस वर्षं त्या गाई होत्या कुणासाठी? माझ्यासाठीच असतील. आईनं विरजणाचं भांडं हातात दिलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आई म्हणाली होती, हे मोडू नको. तिनं माझ्या कंबरेबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिची तरी कंबर कुठं धड होती. मरताना ती कुशीवर वळू शकत नव्हती.

संध्याकाळी जेवायला मासा होता. जुवेनालनं काटा उचलला आणि बरोबर पाडला. मी त्याची ताटली पुढे ओढली आणि माशाचे काटे काढून एकेक घास भरवला. आज सावकाश भरवला. त्यानं विचारलं, "डोळे का लाल आहेत?" मी म्हटलं, "समुद्राचं पाणी गेलं."

१९ जुलै, शुक्रवार

वाळूचा शेवटचा दिवस. मी त्याचे हात पुरले आणि शेजारी माझेही पुरले. त्यानं विचारलं, "तुझ्या हाताला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. तू काय करतोस ते बघते." वाळू वरून गरम असते आणि आत थंड. आत त्याचा हात कुठं आहे ते शोधून काढलं. तो दचकला. मग स्थिर राहिला.

दहा वाजता ओलावोला फोन लावला. जुवेनाल समोर बसला होता म्हणून मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला.

"बोल दोर्वा, हात कसे आहेत?" ओलावोनं विचारलं.

जुवेनाल माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता. ते मांडीवर आखडून ठेवले होते, आजाऱ्याचे असतात तसे. मला हसू आलं आणि रडूही आलं.

"नाही सुधारले," मी म्हटलं. "वाळूनं काही गुण आला नाही."

"अरेरे. मग?"

"मग काय, घेऊन जा गाई. उद्या सकाळीच गाडी लाव. मिमोझाजवळ डावीकडून जायचं, उजवीकडून गेलास तर पुन्हा लाथ खाशील. पिंतादाला आंबोण थोडं पातळ लागतं. आणि झिल्दाला सांग..." इथं मी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. "झिल्दाला सांग, विरजण आता तिचं. एक दिवस मोडलं तर मी येऊन तिचे केस उपटीन."

ओलावो म्हणाला, "सांगतो." तो चांगला माणूस आहे. गाई उपाशी राहणार नाहीत.

फोन ठेवल्यावर जुवेनाल म्हणाला, "दोर्वा." मी म्हटलं, "आत्ता काही बोलू नकोस." न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. अकरा नावं एकेक करून घेतली. मग तोंड धुतलं, निळा पोशाख चढवला आणि समुद्रात गेले. आज कुणी ओढून नेलं नाही, एकटी गेले. छातीपर्यंत.

२० जुलै, शनिवार

बस संध्याकाळची आहे. हे बसस्टॉपवर लिहिते आहे. जुवेनाल पाणी आणायला गेलाय.

सकाळी त्याला म्हटलं, चल, टेकडीवरच्या चर्चला जाऊन येऊ. चढताना तो माझ्या कंबरेला हात लावून चालत होता. चर्चच्या खाली मेणवत्त्यांच्या टपऱ्या आहेत. तिथं मेणाचे पाय, मेणाची डोकी, मेणाची बाळं टांगलेली असतात. ज्याचं जे बरं झालं त्यानं ते माउलीला वाहायचं, आमच्याकडेही हीच रीत. मी टपरीवालीला म्हटलं, "हात द्या. जोडी."

"बाईचे की पुरुषाचे?"

"पुरुषाचे. मोठे बघून द्या."

जुवेनाल माझ्या मागे उभा होता. मी वळून पाहिलं नाही, पण त्याचा श्वास थांबलेला मला कळला. मग तो म्हणाला, "दोर्वा, काल तर तू ओलावोला सांगितलंस, हात सुधारले नाहीत म्हणून."

"ओलावोला सांगितलं," मी म्हटलं. "माउलीला कसं सांगू? तिनं दिलंय ते तिला माहीत आहे."

त्याचे कान लाल झाले होते, लग्नाच्या दिवशी झाले होते तसे.

आत एक खोली आहे, भिंतीभर खिळे आणि लोकांचे हातपाय. रिकामा खिळा फार वर होता. मी टाचा उंचावल्या, पोचले, पण दोरा काही बांधता येईना. डोळ्यांत पाणी आलेलं, दिसत नव्हतं. जुवेनाल पुढे आला. माझ्या हातातून मेणाचे हात घेतले आणि माझ्यासमोर, स्वतःच्या दहा बोटांनी, दोरा खिळ्याला गुंडाळला, खालून घातला, ओढला आणि गाठ मारली. ओढून बघितली. पक्की होती.

"कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"गुरुवारी. टोपी द्यायला आले होते."

"आणि तरी फोनवर..."

"फोनवर मी खोटं बोलले. तुझ्याकडूनच शिकले, अकरा दिवसांत."

तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. मेणाच्या त्या सगळ्या हातापायांखाली उभा राहून रडला. मी त्याला रडू दिलं. दोन दिवस रडेन म्हणाला होता, तर आज पहिला दिवस.

बाहेर पायरीवर बसलो. खाली समुद्र होता. तो म्हणाला, "सोमवारी पहाटे चारला जाग येईल. काय करायचं?"

"झोपायचं."

"मला नाही लागणार झोप."

"मलाही नाही लागणार. मग दोघं जागे पडून राहू. पण कुणी उठायचं नाही, एवढं कबूल कर."

"कबूल," तो म्हणाला. आणि माझा हात हातात घेऊन असा घट्ट धरला की बोटं दुखायला लागली. मी हात सोडवून घेतला नाही.